वॅगनचा डावा शाफ्ट

शुक्रवार, २८ सप्टेंबर २००७. संध्या. ६.४०

गाडी वॉरंटमध्ये नापास. वॉरंट ऑफ फिटनेस म्हणजे दर सहा महिन्यांनी गाडीची परीक्षा. या देशात माणसांना परीक्षा कमी, ती कसर गाड्यांवर काढतात. कारण दिलंय: पुढच्या डाव्या ड्राइव्ह शाफ्टचं रबरी कव्हर फाटलंय, आतलं ग्रीस उडून गेलंय, जॉइंट टकटक करतोय. टकटक मला एप्रिलपासून ऐकू येत होती. मी रेडिओ मोठा करत होतो, तो भाग वेगळा.

तपासणारा मला समजावून सांगायला लागला की शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकापर्यंत जाणारा, चाक फिरवणारा दांडा. मला सांगतोय! मेकॅनिकल, फर्स्ट क्लास, १९९१. पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेलो म्हणून हात काही विसरले नाहीत. म्हणाला, गॅरेजला द्या, सकाळी टाकली की दुपारी मिळेल. अठ्ठावीस दिवसांत परत आणली तर पुन्हा तपासून देतो. मी म्हटलं, घरीच करतो. तो माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिला.

प्रश्न पैशाचा नाही. तत्त्वाचा आहे.

निश्चय: शाफ्ट काढायचा, जॉइंट उघडायचा, धुवायचा, नवं ग्रीस, नवं कव्हर, परत बसवायचा. एक वीकेंड. फार तर दीड.

विभावरीची ड्रायव्हिंग टेस्ट २३ ऑक्टोबरला, मंगळवारी, सकाळी १०.२० ला. पुण्यात अकरा वर्षं हॉस्पिटलात सोशल वर्कर होती, इथे आल्यापासून वर्षभर घरात. चाळीसएक अर्ज केले, तेव्हा कुठे एक नोकरी मिळालीये. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना काय मदत हवी ते बघायचं. अटी दोन: इथलं लायसन्स आणि स्वतःची गाडी. २९ तारखेला रुजू व्हायचंय. पत्र फ्रिजवर लावलंय. दूध काढताना वाचते, दूध ठेवताना वाचते. तिने विचारलं, तोवर गाडी होईल ना? मी नुसता हसलो. पंचवीस दिवस आहेत.

रविवार, ३० सप्टेंबर. सकाळी ११ (नवे)

आजपासून घड्याळ एक तास पुढे. म्हणजे कामाच्या पहिल्याच दिवशी सरकारने माझा एक तास नेला.

गाडी जॅकवर घेतली. उतरवली. परत घेतली. ड्राइव्हवे उताराचा आहे. विभावरी खिडकीतून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं आहे! शेवटी चाकामागे विटा लावल्या. चाक काढलं. शाफ्टच्या टोकाला बत्तीसचा नट आहे. माझ्या सेटमध्ये सर्वांत मोठा सॉकेट चोवीसचा. दुकान गाठायला निघालो तर गाडी जॅकवर.

बसने गेलो. रविवारी बस तासाला एक.

मंगळवार, २ ऑक्टोबर. सकाळी ७.५०, ट्रेनमध्ये

अप्पर हट ते वेलिंग्टन पंचेचाळीस मिनिटं. रोज दीड तास फुकट जातो, आता सार्थकी लावणार. सर्व्हिस मॅन्युअल ऑफिसात प्रिंट केलं. दोनशे चौदा पानं. आकृत्या सुरेख आहेत. पान साठवर लक्षात आलं की हे सेडानचं आहे. आपली वॅगन. पण तत्त्व एकच.

विभावरी पॅरलल पार्किंगची प्रॅक्टिस मागतेय. गाडी जॅकवर आहे हे तिला दिसतंय, तरी मागतेय.

शनिवार, ६ ऑक्टोबर. दुपारी २.१५

नट हलत नाही. मी पान्यावर उभा राहिलो. मी खाली, पान्याची मूठ वाकडी. शेजारचा ट्रेव्हर कुंपणावरून बघत होता. बावीस वर्षं रेल्वे वर्कशॉपमध्ये होता, आता रिटायर. म्हणाला, माझ्याकडे लांब पाइप आहे, पान्यात घाल, जोर वाढेल. वर म्हणाला, पण मी तुझ्या जागी असतो तर अख्खा तयार शाफ्टच आणून लावला असता, उघडत बसलो नसतो. त्याला म्हटलं, पार्ट बदलणं हे इंजिनिअरिंग नव्हे. तो म्हणाला, स्वीट अॅज, मेट, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, मित्रा. पाइप द्यायला उद्या येतो म्हणाला.

विभावरीचं मत: चाक परत लाव, गाडी खाली घे, मी ब्रेक दाबून बसते, मग नट फिरव. तिचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे तिला वाटतं की हे रक्तात येतं. मी ऐकून घेतलं. संसारात ऐकून घ्यावं लागतं.

रविवार, ७ ऑक्टोबर. सकाळी १०.३०

ट्रेव्हर आला नाही. ऑल ब्लॅक्स, म्हणजे इथली रग्बी टीम, फ्रान्सकडून हरले, वर्ल्ड कपमधून बाहेर. अख्ख्या गल्लीत कोणी मेल्यासारखी शांतता. अशा घरी जाऊन पाइप कसा मागणार? आपल्यालाही रीतभात आहे. दोन वेळा कुंपणापर्यंत गेलो, परत आलो. चहा. परत गेलो. त्याच्याकडे पडदे बंद.

दुपारी ४. नट निघाला. चाक लावून, गाडी खाली घेऊन, विभावरीला ब्रेकवर बसवून. एका झटक्यात. हे माझ्या मनात होतंच, फक्त ट्रेव्हरची वाट बघत होतो.

ती ब्रेकवरून उतरेना. म्हणाली, सुटलाय तर परत आवळ, पंधरा दिवस गाडी मला चालवू दे, शाफ्ट शेवटच्या वीकेंडला काढ. मी म्हटलं, हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणारा मी नव्हे. ती उतरून आत गेली. पटलं असावं.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर. संध्या. ६

आज घट बसले. आठवडाभर गाडीला हात लावता आला नाही, ऑफिसात रिलीज होतं. म्हणजे रिलीज दुसऱ्या टीमचं होतं, पण वातावरण ताणलेलं होतं.

विभावरी सोमवारपासून रोज साडेपाचला अनुराधाकडे प्रॅक्टिसला जाते. अनुराधा दोन गल्ल्या सोडून राहते, महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी. भोंडल्याची प्रॅक्टिस असणार, नवरात्र आहे. तासाभराने येते ती दमलेली, पण खूश. टेस्ट अकरा दिवसांवर आली असताना हिला फेर धरायला वेळ आहे.  ओवीला विचारलं, आई कोणती गाणी बसवतेय? पोरगी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, व्हॉट साँग्ज? नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हे असं.

शनिवार, १३ ऑक्टोबर. दुपारी ३

शाफ्ट बाहेर!!

ओढल्याबरोबर गिअरबॉक्सचं तेल पण बाहेर. लाल तेल, भरपूर, उतारावरून फूटपाथकडे. मॅन्युअलमध्ये तेल आधी काढून घ्यायचं लिहिलंय, पण ते पुढच्या पानावर. धावत डेअरीत गेलो. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, दूध सोडून सगळं मिळतं. मांजराच्या शीची माती, तीन पोती. ती तेल चांगली शोषते. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, मांजरं किती? मी म्हटलं, तीन. आता दर वेळी तो मांजरांची चौकशी करणार.

तरी आज समाधान आहे. शाफ्ट हातात धरून बसलो होतो. बऱ्याच वर्षांनी काहीतरी खरं हातात आलं. कीबोर्डवर आयुष्य गेलं राव.

रविवार, १४ ऑक्टोबर. दुपारी १२.४०

जॉइंट उघडला. आत सहा स्टीलचे बॉल, पिंजऱ्यासारख्या रिंगमध्ये बसवलेले. काय अक्कल आहे! प्रत्येक बॉल ज्या खोबणीतून निघाला त्याच खोबणीत गेला पाहिजे. म्हणून क्रमाने इडलीपात्रात ठेवले. एक ते चार खालच्या ताटलीत, पाच आणि सहा वरच्या. विभावरीने रात्रीसाठी इडलीचं पीठ भिजवलेलं होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आज उपमा.

धुताना ताटल्या खालीवर झाल्या. पाच आणि सहा कोणते ते साधारण आठवतंय.

बुधवार, १७ ऑक्टोबर. संध्या. ७

विभावरी म्हणाली, सहा दिवस राहिले, गाडीचं काय? मी म्हटलं, नवं रबरी कव्हर आलं की दोन तासांचं काम. लेबर वीकेंड आहे, तीन दिवस सुट्टी, सगळं हिशेबात धरलंय. ती म्हणाली, नसेल होत तर आत्ता सांग, मी दुसरी सोय करते. सोय! नवरा मेकॅनिकल इंजिनिअर असताना.

तिच्या पार्किंगची मलाही काळजी आहेच. म्हणून जेवणानंतर तिला डायनिंगच्या खुर्चीवर बसवलं, हातात परात दिली, मागे दोन खुर्च्या म्हणजे दोन गाड्या. मी सूचना देत होतो, आता डावीकडे पूर्ण वळव, आता आरशात बघ. तिने परात टेबलावर ठेवली आणि भांडी घासायला गेली. मनातल्या मनात सराव करणं किती परिणामकारक असतं यावर संशोधन झालेलं आहे.

शनिवार, २० ऑक्टोबर. सकाळी ९

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. लेबर वीकेंडच्या पहिल्याच दिवशी यावी हा शुभशकुन म्हणायचा.

गॅरेजमध्ये पाट मांडला. पाने, सॉकेट सेट, जॅक, हातोडी. मधोमध जॉइंट, ग्रीस भरून तयार, कव्हर अजून चढवायचं होतं. बारीकसारीक वस्तू हरवू नयेत म्हणून ताम्हनात ठेवल्या: वॉशर, क्लिपा आणि शाफ्टच्या आतल्या टोकाची छोटी तारेची रिंग. हीच शाफ्टला गिअरबॉक्सात अडकवून धरते. हळद, कुंकू, अक्षता, बागेतली फुलं. विभावरी म्हणाली, उघड्या जॉइंटवर अक्षता टाकू नकोस. मी म्हटलं, पूजा अर्धवट करायची नसते. पाच-सात दाणेच पडले असतील.

दुपारी १. विभावरीचं म्हणणं, पूजा झाली, आता काम सुरू कर. मी सांगितलं, पूजेला मांडलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत, आमच्याकडे पद्धत आहे. ती म्हणाली, तिचे वडील सकाळी पान्यांची पूजा करून दुपारच्या पाळीला त्याच पान्यांनी एसटी दुरुस्त करायचे, नाहीतर दसऱ्याला माणसं गावी कशी गेली असती? मुद्दा बरोबर असेल, पण ते डेपोचं झालं. शिवाय बाहेर पाऊस आहे.

दुपारभर गॅरेजात चार वेळा जाऊन आलो. हात शिवशिवतायत. पण पद्धत ती पद्धत.

रविवार, २१ ऑक्टोबर. संध्या. ५

दसरा. आपट्याची पानं इथे कुठली, कुंपणावरच्या झाडाची वाटली. ट्रेव्हरने सोनं घेतलं, वास घेतला आणि विचारलं, हे चहात टाकायचं का? आईचा पुण्याहून फोन आला. तिला सांगितलं, गाडीचं काम जवळजवळ झालं. खोटं नाही. टक्केवारीत बघितलं तर ऐंशी टक्के झालंच आहे.

पाटावरचं उचललं. निर्माल्य कागदी पिशवीत भरलं. कचऱ्याच्या डब्यात टाकणं जिवावर येतं. हट नदीवर गेलो, कोणी बघत नाही असं पाहून सोडलं. मन प्रसन्न झालं. उद्या सकाळी सातला सुरुवात, दहाला गाडी रस्त्यावर, दुपारभर विभावरीला प्रॅक्टिस.

सोमवार, २२ ऑक्टोबर. लेबर डे. सकाळी ९.३०

श्रीखंड जड गेलं, उठायला उशीर झाला. जॉइंटवरचे वरवरचे तांदूळ टिपून काढले. ग्रीस जाड असतं, आत गेलेले दिसत नाहीत. न दिसणाऱ्याची चिंता करू नये.

दुपारी १२. कव्हर चढवलं. उकळत्या पाण्यात घालून मऊ केलं, ते तंत्र माझंच. आता रिंग लावून शाफ्ट आत सारायचा.

दुपारी १.१०. रिंग सापडत नाही.

दुपारी २.४५. पाटाखाली नाही. सॉकेटच्या पेटीत नाही. ताम्हन घासलेलं, स्वच्छ. मांजराच्या मातीत हात घालून पाहिलं. विभावरीने शांतपणे विचारलं, निर्माल्य कुणी भरलं? मी. ताम्हन पिशवीत उपडं कुणी केलं? ते पण मीच.

दुपारी ३.३०. नदीवर जाऊन आलो. पाणी परवाच्या पावसाने वाढलंय. फुलंसुद्धा दिसली नाहीत.

दुपारी ४. लेबर डे, पार्ट्सची दुकानं बंद. ट्रेव्हर मुलीकडे गेलाय. शांतपणे विचार केला. रिंग म्हणजे काय, एक जादा खबरदारी. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला एवढा मोठा बत्तीसचा नट आहे, तो जाईल कुठे? आत सारला. छान बसला. नट आवळला. नवं तेल भरलं. चाक लावलं. ड्राइव्हवेत चार फूट पुढे, चार फूट मागे. टकटक नाही! किंचित कुरकुर आहे, नवं ग्रीस आहे, बसेल.

विभावरीला म्हटलं, सकाळी साडेआठला वॉरंट, दहा वीसला टेस्ट. तिने रिंगचं विचारलं. मी म्हटलं, तिची तशी गरज नसते. ती उठली. मग अनुराधाला फोन लावून आतल्या खोलीत गेली. भोंडला परवाच संपला, आता काय एवढं बोलायचं असतं?

मंगळवार, २३ ऑक्टोबर. सकाळी ८.४०, गाडीत

गाडी डेअरीसमोर उभी आहे. आडवी.

घरापासून दोनशे मीटर मस्त गेली. मी विभावरीला म्हणालोदेखील, बघ. तिने नवा निळा कुर्ता घातला होता, मांडीवर कागदांची फाइल धरली होती. कोपऱ्यावर वळवताना खाडकन आवाज झाला. इंजिन चालू, गिअर आहे, गाडी हलत नाही. खाली वाकून पाहिलं. शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्समधून निसटून लोंबतंय, नवं तेल रस्त्यावर.

विभावरीने आधी घड्याळ पाहिलं, मग मला. मला वाटलं रडेल. मला वाटलं ओरडेल, निदान ओरडावं. तिने फाइल काखेत घेतली, उतरली आणि डेअरीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. पाच मिनिटांत अनुराधा गाडी घेऊन आली. इतक्या लवकर कशी आली, पायात चप्पल-बिप्पल घालून तयार? अनुराधा उतरून बाजूच्या सीटवर गेली. विभावरी स्टिअरिंगवर बसली. आरसे लावले, मागे बघितलं, सिग्नल दिला आणि माझ्या गाडीला वळसा घालून गेली. सफाईने. ही गाडी तिच्या हातातली दिसत होती.

मग मला कळलं, ती रोज साडेपाचला कुठली प्रॅक्टिस करत होती.

वाईट वाटलं. लाज पण वाटली. इथे लिहायला हरकत नाही, वही कोणी वाचत नाही. तिने सतराला मला विचारलं होतं, नसेल होत तर सांग. मी नुसतं हो-नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

डेअरीवाला बाहेर आला. मातीचं पोतं त्याने स्वतःच आणलं. मांजरं कशी आहेत विचारलं. मी म्हटलं, बरी आहेत.

दुपारी १२.०५. टेक्स्ट आला. पास.

गुरुवार, २५ ऑक्टोबर. संध्या. ७

गाडी काल टो करून गॅरेजला नेली. फोन विभावरीनेच केला, मी ऑफिसात होतो. म्हणजे घरी होतो, पण ऑफिसच्या कामात होतो. आज आम्ही तिघं आणायला गेलो. तयार शाफ्ट बसवायला चाळीस मिनिटं लागली म्हणे. वॉरंटही झालं. अठ्ठावीस दिवसांतला सत्ताविसावा दिवस, म्हणजे माझं वेळापत्रक अगदीच चुकलं नव्हतं.

मेकॅनिकने जुना जॉइंट काउंटरवर ठेवला. कव्हर कापून उघडला होता. काळ्या ग्रीसमध्ये तांदूळ स्पष्ट दिसत होते, काही अर्धे, काहींची पिठी, आणि मधेमधे लाल छटा. त्याने तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. दोन बॉल चुकीच्या खोबणीत आहेत, एक रिंग गायब आहे, आणि हा राइस आहे ना? कोणी उघडला होता हा?

मी म्हटलं, आधीचा मालक असेल. गाडी जपानहून आलीये. तिकडे भात फार खातात.

त्याने मान डोलावली. त्याला पटत होतं. विभावरी शेजारी उभी राहून फॉर्मवर सही करत होती. मालकाच्या नावाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. सही पूर्ण केली, पेन परत दिलं आणि त्याला इंग्रजीत स्वच्छ सांगितलं, "आधीच्या मालकानेच उघडला. हा काय, माझ्याशेजारी उभा आहे."

मेकॅनिक हसला नाही, तो बिचारा फार सभ्य माणूस. किल्ली त्याने तिच्या हातात दिली.

मी जॉइंट मागून घेतला. साफ केला तर अजून चालेल. बाहेर आलो तर पुढच्या सीटवर ओवी बसली होती, पट्टा लावून. मी मागे बसलो. जॉइंट मांडीवर ठेवला. विभावरी म्हणाली, पायाशी ठेव, सीट खराब होईल.